नदीत गेलेली अक्षरं

लोउ च्वोरू आमच्या छापखान्यात पहिल्यांदा आले ते भांडायलाच. काखेत छत्री, हातात त्या दिवशीचं आमचंच वर्तमानपत्र, आणि चेहरा असा की दारातल्या कुत्र्यानंही उठून वाट दिली.

हे मोठे गृहस्थ कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सव्वीस वर्षांची, निरक्षर. माझा नवरा याच छापखान्यात मशीनवर होता. लढाई सुरू झाली आणि वर्तमानपत्राचा सगळा पसारा हांगचौहून हलवायचा ठरला, तेव्हा सामान चढवताना स्टेशनवर बाँब पडले. त्यात तो गेला. छापखान्याचे मुकादम पेइदादा मला म्हणाले, "वहिनी, गावी जाऊन काय करणार? आमच्याबरोबर चला. हाताला काम देतो." मी निघाले. ओउ नदीतून वर, होड्यांमधून, डोंगरात शिखौपर्यंत. वाटेत एका धारेवर आमची मागची होडी उलटली. माणसं पोहून बाहेर आली, पण छपाईच्या खिळ्यांच्या चार पेट्या तळाला गेल्या.

आमच्या भाषेत प्रत्येक शब्दाचं अक्षर वेगळं, म्हणून प्रत्येकाचा शिशाचा खिळा वेगळा. चार पेट्या म्हणजे काही हजार अक्षरं. नवे खिळे ओतून मिळायचे ते शांघायला, आणि शांघायहून माल येणं बंद झालेलं. जे उरलं त्यावर आम्ही शिखौच्या एका घराण्याच्या पूर्वजांच्या देवळात छापखाना मांडला. कागद बांबूच्या लगद्याचा, पिवळा, मधूनमधून काड्या असलेला. माझं काम सोपं होतं. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करायचे, धुवायचे, आणि पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. त्याला वाचता यावं लागत नाही, आकार ओळखता आला की पुरे.

तर लोउ गुरुजी. हांगचौच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांचे निबंध शांघायच्या मासिकांत यायचे, कवितांची तीन पुस्तकं निघाली होती. चहाच्या जुन्या पेल्यांवर, शाईच्या वड्यांवर, पिंजऱ्यात पाळलेल्या रातकिड्यांवर ते लिहीत, आणि म्हणे असे शब्द वापरीत की प्राध्यापकही कोश उघडून बसत. कॉलेज विस्कळीत झालं, ते शिखौला आले. बायको मागे शाओशिंगला राहिली होती. गुरुजींच्या आईचे पाय लहानपणी जुन्या चालीप्रमाणे घट्ट बांधून आखूड केलेले, तिला डोंगर चढवेना आणि तिला सोडून सुनेला निघवेना. आमचे संपादक फान एवढा मोठा लेखक गावात आला म्हणून हरखून गेले आणि लगेच त्यांच्याकडून निबंध मागून आणला.

त्या निबंधातली अकरा अक्षरं आमच्याकडे नव्हती. खिळा नसला की खिळे जुळवणारा जुळारी दुसरा एखादा खिळा पालथा बसवतो, आणि कागदावर अक्षराच्या जागी काळा चौकोन उमटतो. निबंध अकरा काळ्या चौकोनांसह छापून आला. चहाच्या दुकानात लोकांना वाटलं, सरकारी तपासनिसानं खोडलंय. म्हणजे काहीतरी भारी असणार. हजामानं पेपर मोठ्यानं वाचायला घेतला. निबंध एका जुन्या पेल्यावर होता, आणि त्यात पेल्याला लाडानं 'ती' म्हटलं होतं. "हिवाळ्याच्या सकाळी तिच्या कडेवरून हळूच बोट फिरवावं" अशा एका वाक्यातली 'कड' नदीत गेली होती. तिथं हजामानं आपल्या पदरचा शब्द घातला. पुढच्या चौकोनांना बाकीच्यांनी हातभार लावला. गुरुजी कोपऱ्यात बसून चहा पीत होते.

तिथून ते थेट आमच्याकडे आले. पेइदादांनी त्यांना लांबून पाहिलं आणि ते मागच्या दारानं कागद मोजायला निघून गेले. देवळात मी एकटीच होते.

"हे कोणी जुळवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पेइदादांनी, आणि ते बाहेर गेलेत.

"अकरा शब्द खाल्ले माझे. अकरा. कुठे आहेत ते?"

मला राग आला असं नाही, पण त्या पेट्यांबरोबर नवऱ्याच्या हातची अवजारंही गेली होती. मी म्हटलं, "गुरुजी, ते नदीत आहेत. धारेपाशी पाणी बरंच खोल आहे, पण तुम्हाला पोहता येत असेल तर बघा."

मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि विचारलं, काय काय उरलंय ते दाखवाल का? मी दाखवलं. ती दुपार मी विसरणार नाही. तो जाडजूड माणूस, पोटाचा आजार असलेला, एकेका पेटीपुढे वाकून एकेक घर बघत सरकत होता. मध्येच "हेही नाही" म्हणायचा. मध्येच एखादा खिळा उचलून उजेडात धरायचा आणि जपून परत ठेवायचा. तिसऱ्या रांगेत त्यांनी एका घराकडे बोट दाखवून विचारलं, "याला तुम्ही लोक काय म्हणता?"

"आम्ही नाही, मीच म्हणते. छपराखालचं डुक्कर."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"नाही."

"मग बरोबर घरात कसं टाकता?"

"आकारावरून. हे छप्पर, हे खाली डुक्कर. ते शेतातलं बळ. ती पोराजवळची बाई."

ते हसले. मग म्हणाले, "बाई, छपराखालचं डुक्कर म्हणजे 'घर'. माणसानं राहायचं घर."

मला ते इतकं पटलं की मीही हसले. माझ्या माहेरी छपराखाली खरंच डुक्कर होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पेट्यांची यादी केली. जाताना म्हणाले, जे इथे आहे त्यातच लिहीन, एकही खिळा पालथा बसवू देणार नाही. पेइदादांना वाटलं, मोठ्या माणसाचा रुसवा आहे, चार दिवसांत निवळेल. पण दर मंगळवारी गुरुजी निबंध घेऊन यायचे आणि त्यात एकही अक्षर आमच्या पेट्यांबाहेरचं नसायचं. एखाद्या शब्दाची शंका आली तर जुळवायला देण्याआधी ते मला विचारत. बाकी सगळे मला वहिनी म्हणत, म्हणून तेही म्हणू लागले. "वहिनी, 'झिरपणं' आहे का?" मी अर्थ विचारायची, ते सांगायचे, मी आकार विचारायची, ते बोटानं हवेत काढायचे. नसलं की म्हणायचे, "बरं. मग भिंत ओली होती एवढंच म्हणू."

अशानं मी वाचायला शिकले. फक्त एक अडचण झाली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मी दोन वर्षं उलटीच अक्षरं पाहिलेली, त्यामुळे छापलेला सुलट कागद मला परका वाटायचा. मी अडखळायला लागले तेव्हा गुरुजींना ते आधी कळेना. कळल्यावर त्यांनी पेपर उचलला आणि दाराशी उन्हात पालथा धरला. पातळ बांबूचा कागद, मागून अक्षरं आरपार दिसत होती, अगदी खिळ्यांसारखी उलटी. मी पहिली ओळ घडाघडा वाचली. पेइदादांनी हातातलं काम टाकून टाळी वाजवली. पुढे महिनाभर मी पेपर असाच, मागून वाचायची. मग हळूहळू पुढून.

आणि गुरुजींचं लेखन बदललं. ते मुद्दाम बदलायला बसले होते असं मला वाटत नाही. रातकिडा नव्हता, शाईच्या वडीची नावं नव्हती, पेल्याची कड नव्हती. होतं काय? भात, पाणी, होडी, बांबू, दार, जोडा, पाय, आई. मग त्यांनी त्यांवर लिहिलं. पलीकडच्या काठावर उतारू नसतानाही एक फेरी रिकामी मारणाऱ्या नावाड्यावर लिहिलं, त्याला विचारलं तर म्हणाला, "होडीला सवय राहावी म्हणून." एकुलत्या एका जोड्यावर लिहिलं, तो वाळेपर्यंत घरात बसून राहावं लागतं त्या सकाळींवर. सोया सॉसच्या दुकानाच्या माडीवर ते राहायचे. खालचा दुकानदार आणि त्याची बायको दिवसभर भांडतात आणि संध्याकाळी सॉसच्या रांजणांना झाकणं लावताना मात्र दोघं एका चालीत काम करतात, त्यावर लिहिलं. तो निबंध मी सुटा करत होते तेव्हा माझे हात थांबले. खिळे परत टाकायला मन होईना.

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. शांघायहून एका जुन्या मित्राचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की तुझी लेखणी उपाशी दिसते, किराणा दुकानाच्या पाटीसारखं लिहायला लागलास. इथल्या शिक्षण खात्यातल्या एका साहेबानंही मेजवानीत सगळ्यांसमोर तेच म्हटलं. गुरुजी हसले म्हणे, पण पुढचे तीन मंगळवार आले नाहीत.

चौथ्या आठवड्यात मी माडीवर गेले. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, अंगावर गोधडी. मी म्हटलं, संपादक विचारतायत. ते म्हणाले, सांगा आजारी आहे. मी म्हटलं, "बरं. पण एक सांगायचं होतं. तुमच्या वाळवलेल्या मोहरीच्या भाजीवरच्या निबंधात चूक आहे."

ती भाजी म्हणजे शाओशिंगची शान, आणि तिथल्या माणसाला तिच्याबद्दल चूक आहे असं सांगणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं. ते कुशीवर वळले. "कसली चूक?"

मी सांगितलं. नदीवर धुणं धुताना मी तो निबंध बायकांना वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, भाजीला मीठ लावायचं, माठात भरायची, वर दगड ठेवायचा. यावर बायका खूप हसल्या. नावाड्याची सून म्हणाली, या माणसानं आयुष्यात भाजी नुसती खाल्लेली दिसते. दगड नंतर. आधी माठात उतरून अनवाणी पायांनी तुडवायची, पाणी सुटेपर्यंत, थर घालत, परत तुडवत. मिठानं टाचांच्या भेगा फाटतात, महिनाभर पाय आग आग करतात. एकीनं तर टाच वर करून दाखवली.

"नावाड्याची सून असं म्हणाली? नुसती खाल्लेली दिसते?"

"अजून बरंच म्हणाल्या. सगळं सांगण्यासारखं नाही."

ते उठून बसले. मग दौत कुठे आहे ते बघायला लागले.

पुढच्या मंगळवारी 'एक दुरुस्ती' नावाचा निबंध आला. जेमतेम दीड पान. त्यात त्यांनी लिहिलं होतं: "सत्तेचाळीस वर्षं मी ही भाजी खात आलो, तिच्या चवीवर दोनदा लिहिलं. ती पायांनी तुडवावी लागते हे मला नदीवरच्या चार बायकांनी सांगितलं. माझ्या आईचे पाय बांधलेले. म्हणजे आमच्या घरची भाजी माझ्या बायकोनंच तुडवली असणार. हिवाळ्यात ती हळू का चालते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं." एवढ्यावर तो संपतो. मी तो नदीवर वाचला. कोणी हसलं नाही. नावाड्याच्या सुनेनं मला पुन्हा वाचायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी मूठभर भाजी पानात बांधून गुरुजींकडे पाठवून दिली.

त्यानंतर गावातली माणसं त्यांना वाटेत थांबवून चुका सांगायला लागली. ते वही काढून उतरवून घ्यायचे. हजामही सांगायचा, पण त्याचं ते घेत नसत.

एक्केचाळीस सालच्या वसंतात शाओशिंग शत्रूच्या हाती पडलं. टपाल बंद. उन्हाळाभर गुरुजी प्रत्येक मंगळवारी निबंध द्यायचे आणि कोणी खालून आलंय का ते विचारायचे. शरदात एक कापडवाला आला. शत्रूच्या चौक्या चुकवत, आडवाटेनं. त्याच्याकडे गुरुजींच्या चुलतभावाची चिठ्ठी होती. त्यांची बायको आजारानं गेली होती, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच. आई शेजाऱ्यांकडे होती. ते इतके महिने ज्या बाईसाठी खबर विचारत होते, ती तेव्हाही नव्हतीच.

चिठ्ठी त्यांनी आमच्यासमोरच वाचली, कारण टपाल देवळातच यायचं. घडी केली, खिशात ठेवली. पेइदादांनी स्टूल पुढे केलं, त्यावर बसले नाहीत. मग ते पेट्यांकडे गेले. डोक्यावर बांबूची खूण असलेली अक्षरं जिथे असतात त्या रांगेपुढे उभे राहिले आणि एका घरात बघितलं. ते घर रिकामं होतं. पहिल्या दिवसापासून रिकामं होतं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. ते म्हणाले, "येतो वहिनी," आणि गेले.

दोन आठवड्यांनी त्यांनी कविता दिली. तीन वर्षांत त्यांनी आमच्याकडे कविता दिली नव्हती. ती जुळवायला माझ्याकडे आली. तोवर पेइदादांनी मला जुळणीला बसवलं होतं. कविता लहान होती आणि सगळी अक्षरं आमच्या पेट्यांतली होती. सुरुवातीला एक नाव होतं, सूयुन. त्यातलं 'युन' म्हणजे ढग. ढग आमच्याकडे भरपूर होते.

मी जुळवून प्रूफ काढलं. पेइदादांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"वहिनी, हा ढग नाही," ते म्हणाले. "त्यांच्या बायकोची पत्रं इतकी वर्षं माझ्या हातून गेलीत. पाठवणारीचं नाव मी दर वेळी वाचायचो. उच्चार तोच, पण अक्षर वेगळं. तिचं युन म्हणजे बांबूची हिरवी साल."

"मग त्यांनी ढग का लिहिलं?"

पेइदादांनी फक्त पेट्यांकडे हात केला.

तेव्हा मला ते रिकामं घर आठवलं. त्या माणसानं आम्हाला शब्द दिला होता की पेटीबाहेरचं अक्षर लिहिणार नाही, आणि आपल्या मेलेल्या बायकोच्या नावासाठीसुद्धा तो मोडला नव्हता. नाव बदललं होतं. मला इतका राग आला की हातातला चिमटा मी आपटला. कोणावर राग आला ते सांगता येत नाही. नदीवर असेल.

पेइदादा म्हणाले, दोन खिळे कापून एक करू. वरचा बांबू एकाचा, खालचा भाग दुसऱ्याचा. त्यांनी केलंही. पण जोड दिसत होता, आणि वरचा भाग खालच्यावर पोती ठेवल्यासारखा बसला होता. मी म्हटलं, हे नको. मी कोरते.

माझं माहेर तुंगयांगचं. तिकडे घरोघर लाकडावर कोरीव काम. माझे वडील पलंगांच्या फळ्या कोरायचे. मुलींना शिकवत नसत, पण पानंफुलं भरायला बसवत, कारण पानंफुलं कोणी बघत नाही. लग्नात वडिलांनी मला एक फणी दिली होती, पिवळ्या, घट्ट लाकडाची. ते लाकूड इतकं हळू वाढतं की हाताएवढं व्हायला माणसाचं आयुष्य जातं. त्या फणीची पाठ मी करवतीनं कापली. पेइदादा "अहो, अहो" करत राहिले.

पहिला तुकडा उभा चिरला. दुसऱ्यावर अक्षर चांगलं उतरलं, पण उंची केसभर कमी भरली आणि कागदावर नुसती सावली उमटली. तिसऱ्याला मी देवळाच्या अंगणात दोन दिवस बसले. आणखी एक गोष्ट सांगते. अक्षर उलटं कोरायचं असतं, आणि चांगले चांगले कारागीर तिथं चुकतात. मला ते सोपं गेलं. मी उलटंच शिकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ढग काढला आणि त्या जागी तो लाकडी तुकडा बसवला. संपादक फान येऊन बघून गेले. गुरुजींना विचारायला हवं का, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "नको. विचारलं तर ते नाही म्हणतील."

कविता दुसऱ्या दिवशी छापून आली. ती अशी होती:

सूयुन,
या डोंगरांत बांबू फार.
पाऊस येऊन गेला की
ते सगळे नव्यानं हिरवे होतात,
आणि मला वाटतं
कोणीतरी माझ्या आधी येऊन
घरोघर तुझी चौकशी करून गेलं.

ढग ठेवला असता तर यातलं काही उमगलं नसतं. हिरवी साल आली आणि डोंगरातले सगळे बांबू तिचे झाले.

गुरुजींनी पेपर चहाच्या दुकानात वाचला. हजाम पुढे मला म्हणाला की ते बराच वेळ बोट त्या एका अक्षरावर ठेवून बसले होते, आणि चहा गार झाला तरी कोणी त्यांच्याशी बोललं नाही. तो स्वतःही नाही. मग ते देवळात आले. मी त्याच पानाचे खिळे सुटे करत होते. त्यांनी हात पुढे केला. मी लाकडी तुकडा पुसून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात फिरवला, खालून बघितला, अंगठ्यानं चाचपला.

"बांबूच्या या दोन काड्या," ते म्हणाले, "ती स्वतः अशाच काढायची. डावी थोडी आखूड."

मी म्हटलं, पेइदादांकडे जुना लिफाफा होता, त्यावरून घेतलं.

त्यांनी मान हलवली. नंतर ते रांगेपुढे गेले आणि तो तुकडा त्या रिकाम्या घरात आपल्या हातानं ठेवला. माझे आभार त्यांनी मानले नाहीत. मानले असते तर मला काय बोलायचं ते सुचलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात शत्रू खोरं चढून आला. छापखाना आणखी आत हलवायचा होता. होड्या मिळेनात, तेव्हा पेट्या कावडींवर घालून माणसांच्या खांद्यावरून न्यायच्या ठरल्या. गुरुजी पन्नाशीचे, दोन जिने चढले तरी धापा टाकणारे. त्यांना खुर्चीतून नेऊ असं संपादक म्हणाले. ते म्हणाले, खुर्चीला दोन माणसं लागतील, ती दोन माणसं पेट्यांना द्या. मग त्यांनी कमी वापराच्या अक्षरांची एक पेटी स्वतः पाठीला बांधली. चार दिवस चढण, उन्हाचा नुसता तवा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायांतून रक्त आलं. पेइदादा पेटी मागायला गेले तर म्हणाले, "अहो मुकादम, मी आतापर्यंत तुमचे शब्द फुकट वापरले. थोडं वाहू द्या की." पोचल्यावर महिनाभर हिवतापानं पडून होते. त्यातून उठले आणि पहिला निबंध लिहिला तो पाठीवर वळ कसे उठतात आणि कोणत्या बाजूला झोपावं यावर. आम्ही सगळे वाचून पोट धरून हसलो, कारण आमच्याही पाठी तशाच होत्या.

लढाई संपली, छापखाना हांगचौला परतला. शेहेचाळीस साली शांघायहून नवे खिळे आले. पूर्ण संच, चकचकीत, एकही घर रिकामं नाही. त्या वर्षी गुरुजींच्या डोंगरातल्या लेखनाचं पुस्तक काढायचं ठरलं. चौसष्ट निबंध, एकोणीस कविता. जुळणी मीच करावी असं त्यांनी लिहून कळवलं. मी त्यांना उलट लिहिलं, माझ्या हातचं पहिलं पत्र: आता सगळी अक्षरं आहेत, तुम्हाला तेव्हा जे लिहायचं होतं ते परत घालायचं असेल तर घाला, मी बदलून देईन.

ते स्वतः आले. नव्या पेट्यांपुढून सावकाश फिरले. खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत हाव होती. रातकिड्याचा खिळा सापडला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेऊन मला दाखवला, एखादा जुना दोस्त दाखवावा तसा. हस्तलिखित घेऊन ते बाकावर बसले आणि दुपारपर्यंत पानं उलटत राहिले. दोन ठिकाणी लेखणी टेकवली, पुन्हा उचलली.

शेवटी गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "राहू द्या वहिनी. तेव्हा ओल्या भिंतीला मी ओली भिंत म्हटलं. ती ओलीच होती."

पुस्तक निघालं. मोठ्या शहरांत त्यावर लेख आले. एका समीक्षकानं लिहिलं की लोकांच्या भाषेविषयी दीर्घ चिंतन करून लोउ च्वोरू या साधेपणाला पोचले. पेइदादांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले की धारेवर पेट्यांची होडी उलटवणाऱ्या त्या नावाड्यालाही एक प्रत पाठवायला हवी, त्याचं चिंतनही बरंच कामी आलं. गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हसून टाळलं नाही. ते म्हणाले, दोन्ही खरं आहे. खिळे नव्हते हे खरं, आणि पुढे ते आल्यावरही मला नको वाटले हेही खरं.

पुढे ते शाओशिंगला गेले, एका शाळेत शिकवू लागले. कॉलेजातून बोलावणी आली, पण आई होती, आणि मुलांना निबंध शिकवणं त्यांना आवडायला लागलं होतं. मुलांना ते पहिलं काम असं द्यायचे: घरी जाऊन कोणालातरी एक काम करताना पाहा, मग त्यांनाच वाचून दाखवा, आणि ते ज्या चुका काढतील त्या लिहून आणा. गुण त्या चुकांना असत. मी हांगचौच्या मुद्रणशाळेत जुळणी शिकवायला लागले. वर्षातून एकदा त्यांच्याकडे जायची. ते स्वतः रांधायचे, फार वाईट रांधायचे, आणि भाजी मात्र दर हिवाळ्यात स्वतः माठात उतरून तुडवायचे. शेजारच्या बायका कठड्यावरून वाकून सूचना देत. "गुरुजी, टाचेनं. बोटांनी गुदगुल्या काय करताय तिला." ते टाचेनं करायचे.

सत्तावनच्या हिवाळ्यात पोटाच्याच आजारानं ते गेले. मी पोचले तेव्हा शाळेची मुलं अंगणात रांगेनं उभी होती, आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया, बाप, चांभार, कोळी, साळी, ज्यांनी चुका काढल्या होत्या ती सगळी माणसं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्या चांभारानं मला सांगितलं की जोड्याच्या तळव्यावरचा त्यांचा निबंध त्यानं तीनदा दुरुस्त करायला लावला, आणि चौथ्यांदा काही सापडेना तेव्हा त्याला वाईट वाटलं.

टेबलावर एक निबंध पडला होता, वेताची खुर्ची घरच्या घरी कशी विणावी यावर. त्यांच्या पुतण्यानं तो मला दिला. मी हांगचौला परत आल्यावर सकाळी उजेडाला बसून तो जुळवला. दोन पानं पूर्ण होती, तिसरं अर्धं. खुर्चीची बैठक विणून झाली होती, पाठ राहिली होती. माझ्या हाताखालच्या मुलींनी विचारलं, पुढचं कोणीतरी पुरं करून छापायचं का. मी नको म्हटलं. प्रूफ काढलं, दोनदा तपासलं, आणि जिथे निबंध थांबला होता तिथेच ते खिळ्यांचं पान दोऱ्यानं बांधलं.